‘बाय’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ व उपयोग : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

प्रस्तावना

इंग्रजी भाषेत ज्या शब्दांचा वापर सर्वाधिक होतो, ते शब्द आकाराने लहान असतात. १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या मजकुरातून सुमारे दहा लाख शब्दांचा ‘ब्राउन कॉर्पस’ हा संग्रह तयार करण्यात आला. त्यात ‘बाय’ हा शब्द पहिल्या २५ शब्दांत येतो. बारावीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याने हा शब्द हजारो वेळा वाचलेला असतो. तरीही पदवीच्या वर्गातील उत्तरपत्रिकांत, अर्जांत आणि मुलाखतीच्या वेळी या शब्दाच्या चुका हमखास आढळतात.

या चुकांचे कारण शब्दाला अर्थ फार आहेत हे आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. शब्दकोशात ‘बाय’पुढे अर्थांची लांबलचक यादी असते हे खरे, परंतु त्यातील बहुतेक अर्थ विद्यार्थ्यांना अडत नाहीत. अडचण येते ती ठरावीक दोन ठिकाणी, आणि तिचे मूळ इंग्रजीत नसून मराठीच्या रचनेत आहे. मराठीतील ‘ने’ हा प्रत्यय आणि ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय ज्या अर्थक्षेत्रात एकेकटे काम करतात, तेथे इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन शब्द कामे वाटून घेतात. त्यामुळे हा शब्द शिकविताना सुरुवात इंग्रजी अर्थांच्या यादीपासून न करता मराठी वाक्यापासून करावी, असे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. उच्चाराने ‘बाय’ असेच ऐकू येणारे आणखी दोन शब्द इंग्रजीत आहेत : एक खरेदी करणे या अर्थाचा, दुसरा निरोप घेताना म्हणावयाचा. त्यांचे स्पेलिंग वेगळे असून त्यांचा येथे संबंध नाही.

१. मूळ अर्थ आणि त्याचा विस्तार

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ ‘जवळ’, ‘शेजारी’, ‘बाजूला’ असा होता. आजही ‘शी सॅट बाय द विंडो’ म्हणजे ती खिडकीशी बसली. ‘निअर’ आणि ‘बाय’ यांत थोडा फरक आहे. ‘निअर’मध्ये अंतर असू शकते, ‘बाय’मध्ये ती वस्तू अगदी लगत असते. रेल्वे स्थानकापासून एक किलोमीटरवर असलेले घर ‘निअर द स्टेशन’ म्हणता येईल, ‘बाय द स्टेशन’ म्हणणे योग्य होणार नाही. गतिवाचक क्रियापद असेल तर याच अर्थाला ‘वरून’, ‘बाजूने’ अशी छटा येते : ‘वुई वेंट बाय द ओल्ड मॉस्क’, म्हणजे आम्ही जुन्या मशिदीवरून गेलो.

मराठीत रुळलेल्या कितीतरी इंग्रजी शब्दांत हा ‘बाजूचा’ अर्थ शिल्लक आहे. ‘बायपास’ रस्ता गावाच्या बाजूने जातो. ‘बाय-प्रॉडक्ट’ हे मुख्य उत्पादनाच्या जोडीने निघते. ‘बाय-इलेक्शन’ ही सार्वत्रिक निवडणुकीच्या बाजूची, म्हणजे पोटनिवडणूक असते. ‘बाय-लॉज’ या शब्दाची व्युत्पत्ती मात्र वेगळी मानली जाते. तेथील ‘बाय’ हा नॉर्स भाषेतील वस्ती किंवा गाव या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. इंग्लंडमधील ‘व्हिटबी’, ‘डर्बी’ या गावांच्या नावांच्या अखेरीस तोच शब्द आहे.

कर्मणी रचनेत कर्ता दाखविणारा ‘बाय’ हा अर्थ पुढे हळूहळू स्थिरावला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये कर्त्यासाठी अनेक ठिकाणी ‘ऑफ’ आढळतो. म्हणजे शालेय व्याकरणात जो अर्थ सर्वांत आधी शिकविला जातो, तो शब्दाचा मूळ अर्थ नव्हे.

२. ‘ने’ या प्रत्ययाची अडचण

मराठी व्याकरणात तृतीया विभक्तीचा ‘ने’ साधन दाखवितो आणि भूतकाळी वाक्यात कर्त्यालाही लागतो. ‘सलमाने दोर कापला’ आणि ‘सुरीने दोर कापला’ या दोन्ही वाक्यांत प्रत्यय एकच आहे. सलमा करणारी आहे आणि सुरी हत्यार आहे, हा फरक वाचणारा संदर्भाने ओळखतो. इंग्रजीत मात्र हा फरक शब्दानेच दाखवावा लागतो. करणाऱ्यासाठी ‘बाय’, हत्यारासाठी ‘विथ’ : ‘द रोप वॉज कट बाय सलमा विथ अ नाइफ’.

‘आय कट द ॲपल बाय अ नाइफ’ किंवा ‘ही रोट इट बाय अ पेन’ या नेहमीच्या चुका येथूनच येतात. ‘ने’ म्हणजे ‘बाय’ असे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात बसलेले असते. वर्गात पुढील जोडी उपयोगी पडते : ‘द विंडो वॉज ब्रोकन विथ अ स्टोन’ आणि ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन’. दोन्हींचे मराठी ‘दगडाने काच फुटली’ असेच होईल. पहिल्या वाक्यात दगड हातात घेणारा कोणीतरी माणूस गृहीत आहे; दुसऱ्यात दगड स्वतःच येऊन आदळला. चौकशी चालू असेल तर एवढ्या फरकाने जबाबदारी बदलते.

दुसरी अडचण प्रयोगाची आहे. ‘सलमाने पत्र लिहिले’ हा मराठीत कर्मणी प्रयोग होतो. परंतु त्याचे स्वाभाविक इंग्रजी ‘सलमा रोट अ लेटर’ असे कर्तरीच आहे. इंग्रजी कर्मणीला जवळचे मराठी रूप ‘रामाकडून रावण मारला गेला’ हे होय. त्यामुळे मराठी वाक्यात ‘ने’ दिसला की इंग्रजीत ‘बाय’ घालावा, हा नियम दोन्ही बाजूंनी चुकीचा ठरतो.

‘कडून’ म्हणजे ‘बाय’ हेही अर्धेच खरे आहे. ‘रफिककडून पुस्तक घेतले’ येथे रफिक पुस्तक देणारा, म्हणजे उगम आहे. तेथे ‘फ्रॉम’ हवा. ‘शिंप्याकडून कपडे शिवून घेतले’ येथे शिंपी काम करणारा आहे. तेथे ‘बाय’ चालतो. तसेच ‘प्राचार्यांमार्फत अर्ज करावा’ यातील ‘मार्फत’साठी ‘थ्रू’ येतो. ‘बाय द प्रिन्सिपल’ लिहिल्यास अर्ज प्राचार्यांनीच केला असा अर्थ होईल.

३. रीत आणि वाहन

काम कोणत्या रीतीने झाले हे सांगताना ‘बाय’ येतो आणि बहुधा त्यामागील नामाला ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही : ‘बाय पोस्ट’ टपालाने, ‘बाय हँड’ हाताने, ‘बाय मिस्टेक’ चुकून, ‘बाय चान्स’ योगायोगाने, ‘बाय फोर्स’ जबरदस्तीने. वाहनांचेही तसेच : ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. वाहन विशिष्ट झाले की रचना बदलते. ‘बाय माय कार’ असे न म्हणता ‘इन माय कार’ म्हणतात. पायी जाण्यासाठी ‘ऑन फुट’ हा प्रयोग शिकवावा.

‘लर्न बाय हार्ट’ म्हणजे तोंडपाठ करणे. भारतीय इंग्रजीत त्याचे एकच क्रियापद झाले असून ‘बायहार्ट करा’ असे शिक्षकही म्हणतात. बोलण्यात ते चालून जाते. औपचारिक लेखनात ‘लर्न’ हे क्रियापद गाळू नये.

‘करून’ या मराठी रूपाकडेही लक्ष द्यावे लागते. ‘अभ्यास करून तो झोपला’ यात आधी अभ्यास, मग झोप असा क्रम आहे. ‘अभ्यास करून तो पास झाला’ यात अभ्यास हा पास होण्याचा उपाय आहे. उपाय सांगावयाचा असेल तेथेच ‘बाय’ आणि त्यापुढे ‘-इंग’ रूप येते : ‘ही पास्ड बाय स्टडिंग हार्ड’. पहिल्या वाक्यात ‘आफ्टर’ हवा.

४. माप आणि फरक

‘दहा बाय दहाची खोली’ हा प्रयोग मराठीने पूर्णपणे आपलासा केला आहे. लांबी-रुंदी सांगण्याचा तोच अर्थ इंग्रजीत आहे. अपूर्णांक वाचताना ‘थ्री बाय फोर’ म्हणण्याची पद्धत भारतात सर्वत्र आहे. इंग्लंड-अमेरिकेत ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’ म्हणतात. कर्नाटकातील हॉटेलांत एक चहा दोन पेल्यांत मागविताना ‘वन बाय टू’ म्हणतात, ते याच अपूर्णांकातून आलेले आहे.

जास्त काळजी घ्यावयाची ती वाढ आणि घट सांगणाऱ्या वाक्यांत. येथे ‘बाय’ फरक दाखवितो आणि ‘टु’ शेवटचा आकडा दाखवितो. समजा, फी २००० रुपये आहे. ‘रिड्यूस्ड बाय ५००’ म्हणजे ५०० रुपयांनी कमी झाली, आता १५०० भरावयाचे. ‘रिड्यूस्ड टु ५००’ म्हणजे ५०० रुपयांवर आली, आता ५००च भरावयाचे. मराठीत ‘५०० रुपयांनी’ आणि ‘५०० रुपयांवर’ हा भेद स्वच्छ आहे. त्यामुळे येथे मराठी विद्यार्थ्याच्या मदतीला येते. त्याला इतकेच सांगावे की ‘नी’ तेथे ‘बाय’, ‘वर’ तेथे ‘टु’.

५. काळ : ‘पर्यंत’ची अडचण

सर्वांत मोठी गफलत काळाच्या बाबतीत होते. ‘पर्यंत’ या एका शब्दासाठी इंग्रजीत मुख्यतः दोन शब्द आहेत : ‘बाय’ आणि ‘अनटिल’. ‘टिल’ हा ‘अनटिल’चाच जोडीदार आहे. तो त्याचे संक्षिप्त रूप समजला जातो, पण प्रत्यक्षात ‘टिल’ हाच अधिक जुना शब्द आहे.

‘अनटिल’ एखादी स्थिती किंवा क्रिया त्या क्षणापर्यंत सतत चालू राहते असे सांगतो : ‘द लायब्ररी इज ओपन अनटिल फाइव्ह’. ‘बाय’ एखादी गोष्ट त्या क्षणाच्या आधी किंवा त्या क्षणाला केव्हातरी घडून पुरी होते असे सांगतो : ‘रिटर्न द बुक बाय फाइव्ह’. पहिल्यात पाच वाजेपर्यंतचा सारा वेळ व्यापलेला आहे. दुसऱ्यात त्या वेळातील एक बिंदू पुरेसा आहे. पाच ही फक्त शेवटची मर्यादा आहे.

मराठीत हा भेद क्रियापदावरून कळतो. ‘शुक्रवारपर्यंत थांब’ यातील थांबणे लांबणारे आहे. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज दे’ यातील देणे एका क्षणाचे आहे. म्हणून मराठीला दोन शब्दांची गरज भासली नाही. परंतु क्रियापद ‘असणे’ असले की मराठी वाक्यही दोन अर्थांचे होते. ‘मी चारपर्यंत कॉलेजात असेन’ या वाक्यातून बोलणारा चार वाजता निघणार की चारच्या सुमारास पोहोचणार, हे सांगता येत नाही. इंग्रजीत हा संदेश लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते. ‘आय विल बी इन कॉलेज अनटिल फोर’ म्हटल्यास साडेचारला येणाऱ्याने येऊ नये. ‘बाय फोर’ म्हटल्यास साडेचारला आलेल्याची भेट होईल.

‘सबमिट द फॉर्म अनटिल १५ जुलाय’ असे विद्यार्थी लिहितात, तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्याला ते ‘१५ जुलैपर्यंत फॉर्म देत राहा’ असे वाटते. ही चूक वाचणारा सांभाळून घेतो. उलट दिशेची चूक अधिक महागात पडते. नेमणूकपत्रात ‘जॉइन बाय १० जुलाय’ असते, बँकेच्या पत्रात ‘व्हॅलिड अनटिल १० जुलाय’ असते. हॉस्पिटलच्या कागदावर एक गोळी ‘अनटिल संडे’ घ्यावयाची असते आणि एक तपासणी ‘बाय संडे’ करून घ्यावयाची असते. पहिल्यात रोज गोळी, दुसऱ्यात एकदाच तपासणी. ज्या घरात इंग्रजी वाचणारी पहिलीच पिढी कॉलेजात आहे, तेथे हे कागद आईवडिलांना आणि आजीआजोबांना वाचून दाखविण्याचे काम याच विद्यार्थ्यांकडे येते. दोन्हींसाठी ‘रविवारपर्यंत’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याला रोजचे काम कोणते आणि एकदाचे कोणते हे कळेलच असे नाही. म्हणून हा भेद परीक्षेतील एका गुणापुरता नाही.

ठिकाण आणि संख्या यांसाठीचा ‘पर्यंत’ आणखी वेगळा. ‘स्टेशनपर्यंत चाललो’ येथे ‘टु द स्टेशन’ किंवा ‘ॲज फार ॲज द स्टेशन’ हवे. ‘५० पर्यंत विद्यार्थी बसू शकतात’ येथे ‘अप टु ५०’ हवे. या दोन्ही ठिकाणी ‘बाय’ चालत नाही.

६. तो दिवस धरावा की नाही ?

‘बाय फ्रायडे’ म्हटल्यावर शुक्रवार धरावा काय, असा प्रश्न वर्गात हटकून येतो. सर्वसाधारण व्यवहारात शुक्रवार धरला जातो. परंतु वाद टाळण्यासाठी कार्यालयीन भाषेत ‘ऑन ऑर बिफोर’ असा प्रयोग करतात. मराठीत त्याला ‘त्या दिवशी किंवा तत्पूर्वी’ म्हणता येईल. ‘बिफोर फ्रायडे’मध्ये मात्र शुक्रवार येत नाही, गुरुवारी मुदत संपते. ‘विदिन सेव्हन डेज’मध्ये तारीख नसून कालावधी असतो.

कायद्याच्या भाषेतही हा विचार झालेला आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ नुसार दिवसांच्या मालिकेतील पहिला दिवस वगळावयाचा असेल तर ‘फ्रॉम’ आणि शेवटचा दिवस धरावयाचा असेल तर ‘टु’ हे शब्द वापरणे पुरेसे असते. कलम १० नुसार कायद्याने ठरविलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय किंवा कार्यालय बंद असल्यास, ते पुढे ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत झाले असे मानले जाते. शब्दयोगी अव्ययांवर व्यवहार किती अवलंबून असतो, याचे हे उत्तम उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल.

७. नकारार्थी वाक्ये आणि ‘बाय द टाइम’

‘तो पाचपर्यंत आला नाही’ या वाक्याची दोन इंग्रजी रूपे होतात. ‘ही डिड नॉट कम अनटिल फाइव्ह’ म्हणजे पाच वाजता तो आला, त्याआधी नाही. ‘ही हॅड नॉट कम बाय फाइव्ह’ म्हणजे पाच वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. पुढे आला की नाही हे वाक्य सांगत नाही. उताऱ्यावरील प्रश्नांत विद्यार्थी नेमके येथे चुकतात.

‘जोपर्यंत मी येत नाही तोपर्यंत थांब’ ही मराठीची स्वाभाविक रचना आहे. तिच्यातील ‘नाही’ विद्यार्थी इंग्रजीत नेतात आणि ‘वेट अनटिल आय डू नॉट कम’ असे लिहितात. इंग्रजीत ‘अनटिल’मध्येच तो नकार सामावलेला असतो, म्हणून ‘वेट अनटिल आय कम’ एवढेच हवे. येथे विद्यार्थ्याला ‘मी येईपर्यंत थांब’ हे दुसरे मराठी रूप आधी करावयास सांगावे. त्या रूपात नकार नसल्याने भाषांतर आपोआप सुधारते.

‘मी पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती’ या वाक्यात ‘अनटिल आय रीच्ड’ असे लिहिले जाते. येथे गाडी सुटण्याची क्रिया आधीच पुरी झालेली आहे. म्हणून ‘बाय द टाइम आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’ हे बरोबर. ‘बाय’च्या जोडीला पूर्ण काळ येतो, तो याच कारणाने.

या अर्थछटेसाठी मराठीत एक सुरेख शब्द आहे, तो म्हणजे ‘एव्हाना’. ‘एव्हाना तो घरी पोहोचला असेल’ याचे इंग्रजी ‘ही मस्ट हॅव रीच्ड होम बाय नाउ’ असे होते. ‘बाय’चा काळविषयक अर्थ मराठीला अपरिचित नाही हे या शब्दावरून विद्यार्थ्यांना पटवून देता येते.

८. शेजारच्या भाषांची मदत

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषक विद्यार्थी बहुधा दोन-तीन भाषा बोलतो. त्या भाषांचा येथे उपयोग करून घेता येतो.

बडोद्याच्या विद्यार्थ्याला गुजराती येत असते. गुजरातीत ‘शुक्रवार सुधी’ आणि ‘शुक्रवार सुधीमां’ अशी दोन रूपे आहेत. पहिले ‘अनटिल’ला जवळचे, दुसरे ‘बाय’ला. म्हणजे हा विद्यार्थी घराबाहेर पडताच जो भेद रोज ऐकतो, तोच त्याला इंग्रजीत करावयाचा असतो. बेळगाव भागातील विद्यार्थ्याला कन्नड येत असल्यास ‘वरेगे’ आणि ‘ओळगे’ यांची आठवण करून द्यावी. ‘शुक्रवारद वरेगे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत चालू, ‘शुक्रवारदोळगे’ म्हणजे शुक्रवारच्या आत पुरे.

इंदूर, ग्वाल्हेर येथील हिंदी आणि हैदराबादची उर्दू यांत मात्र ‘तक’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. तेथील विद्यार्थ्याला घरी आणि बाहेर कोठेच हा भेद शब्दाने ऐकावयास मिळत नाही. त्यामुळे तेथील अध्यापकांना अधिक सराव द्यावा लागेल. ही काही आपल्या भाषांची उणीव नव्हे. गोव्यातील जुन्या पिढीला परिचित असलेल्या पोर्तुगीजमध्ये ‘अते’ आणि जर्मनमध्ये ‘बिस’ हे शब्दही ‘पर्यंत’प्रमाणेच दोन्ही अर्थ वाहतात. त्या भाषा बोलणाऱ्यांनाही इंग्रजी शिकताना हाच अडथळा ओलांडावा लागतो.

९. अध्यापनासाठी काही सूचना

(१) अर्थांची यादी पाठ करून घेण्याऐवजी मराठीत प्रश्न विचारण्याची सवय लावावी. ‘कोणी केले ?’, ‘कोणत्या रीतीने ?’, ‘कितीने वाढले ?’, ‘उशिरात उशिरा केव्हा ?’ या चार प्रश्नांचे उत्तर असेल तर ‘बाय’. ‘कोणत्या हत्याराने ?’ असेल तर ‘विथ’. ‘किती आकड्यावर गेले ?’ असेल तर ‘टु’. ‘कोठवर चालू राहिले ?’ असेल तर ‘अनटिल’.

(२) काळाच्या वाक्यासाठी एक सोपी कसोटी आहे. मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ हे शब्द घालून पाहावेत. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत अर्ज दे’ हे बरोबर वाटते, म्हणून ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत थांब’ हे कानाला खटकते, म्हणून ‘अनटिल’. ही कसोटी परीक्षेच्या वेळी मनातल्या मनात करता येते.

(३) फळ्यावर एक आडवी रेघ काढून तिच्यावर शुक्रवारची खूण करावी. ‘अनटिल’साठी खुणेपर्यंतची सारी रेघ खडूने जाड करावी, ‘बाय’साठी खुणेच्या अलीकडे कोठेही एक टिंब द्यावे. व्याकरणाची परिभाषा न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे चित्र समजते.

(४) पाठ्यपुस्तकातील वाक्यांबरोबर कॉलेजच्या सूचनाफलकावरील सूचना वर्गात आणाव्यात. परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, ग्रंथालय, बसपास यांच्या सूचनांत ‘बाय’, ‘टिल’, ‘अप टु’, ‘विदिन’ हे सारे शब्द असतात. सूचना वाचून ‘काम किती वेळा करावयाचे ? शेवटचा दिवस कोणता ? त्या दिवशी केले तर चालेल काय ?’ हे प्रश्न विचारावेत.

(५) रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात विद्यार्थी अंदाजाने उत्तर देऊ शकतो. त्याऐवजी एक मराठी वाक्य देऊन त्याची दोन इंग्रजी रूपे करण्यास व दोहोंतील फरक मराठीत सांगण्यास द्यावे. ‘मी चारपर्यंत कॉलेजात असेन’, ‘दगडाने काच फुटली’, ‘तो पाचपर्यंत आला नाही’ ही तीन वाक्ये यासाठी पुरेशी आहेत.

सरावासाठी पुढील सहा वाक्ये घेता येतील : (अ) दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असते. (आ) सोमवारपर्यंत निबंध लिहून आणा. (इ) किल्लीने कुलूप उघडले. (ई) भाव दहा रुपयांनी उतरला. (उ) पाऊस थांबेपर्यंत आम्ही दारात उभे राहिलो. (ऊ) डॉक्टर येईपर्यंत ताप उतरला होता. यांत अनुक्रमे ‘अनटिल’, ‘बाय’, ‘विथ’, ‘बाय’, ‘अनटिल’ आणि ‘बाय द टाइम’ अशी उत्तरे येतात. शेवटच्या दोन वाक्यांत मराठी रूप सारखेच असूनही इंग्रजी वेगळे होते. म्हणून त्यांवर अधिक वेळ द्यावा.

समारोप

‘बाय’ हा शब्द अवघड वाटतो, कारण तो मराठीच्या कोणत्याही एका प्रत्ययाशी जुळत नाही. परंतु विद्यार्थ्याची मातृभाषा बाजूला ठेवून ही अडचण सुटत नाही. ‘ने’ आणि ‘पर्यंत’ आपल्या भाषेत काय काय कामे करतात हे विद्यार्थ्याला एकदा उमगले, की इंग्रजीने त्या कामांची वाटणी कशी केली आहे हे त्याला सहज समजते. यासाठी इंग्रजीच्या अध्यापकाने मराठीच्या, आणि आपापल्या गावी असेल तशी गुजराती, कन्नड, हिंदी किंवा उर्दूच्या अध्यापकाची मदत घ्यावी. अर्जाची मुदत, औषधाची सूचना आणि नेमणुकीचे पत्र अचूक वाचून घरच्यांना समजावून सांगता येणे, ही या लहानशा शब्दाच्या अभ्यासाची खरी परीक्षा होय.